बिलिंग अ‍ॅप घ्या, पण पावकी-पाऊणकी सोडू नका

कराडला आमचं किराणा दुकान आहे. काउंटरवर टॅब, त्यात बिलिंग अ‍ॅप आणि शेजारी छोटा प्रिंटर, असा आमचा कारभार. अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते असल्या सगळ्याच अ‍ॅपना लागू आहे.

कामाला अ‍ॅप उत्तम आहे. २२ सप्टेंबर २०२५ला अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५वर आला, तेव्हा दर एकदा बदलले आणि पुढचं प्रत्येक बिल बरोबर निघालं. सुट्या तूरडाळीला कर नाही, पण लेबल लावलेल्या पाकिटाला ५ टक्के, हेही ते चुकत नाही. उधारीची आठवण परस्पर जाते, त्यामुळे ओळखीच्या गिऱ्हाइकाला पैसे मागायचा संकोच उरला नाही.

मला काळजी आहे ती काउंटरवरच्या पोरांची. परवा ४०० रुपये किलोचं पाव किलो जिरं होतं. मुलाने ०.२५०च्या जागी २.५० टाकलं, पडद्यावर १००० आले आणि त्याने तितक्याच शांतपणे काकूंना सांगितलं, "हजार झाले." जिऱ्याची पुडी त्याच्याच हातात होती! पोरगा हुशार आहे, बी.कॉम. करतोय. पण आकडा पडद्यावर दिसला की तो बरोबरच असणार, ही सवय लागलीय, आणि स्वतःशी ताडून बघायचं राहून जातं.

माझे सासरे काट्यावरून पुडी उतरवता उतरवता रक्कम सांगायचे. ४४ची सव्वा किलो साखर, पंचावन्न. १६०ची पाऊण किलो डाळ, एकशेवीस. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच पटीचे पाढेही पाठ असायचे त्या पिढीचे. चार जिन्नसांची बेरीज डोक्यात धरून ते पाचवा जिन्नस बांधायचे आणि वर गिऱ्हाइकाशी बोलायचेही. डोक्यात आकडा धरून ठेवायची ही ताकद रोज वापरली तरच टिकते, हे मी डोळ्यांनी पाहतेय. मोठी यादी अ‍ॅपनेच करावी, त्यात वाद नाही. पण पाव किलोचा भाव काढायला बटण लागलं, तर चुकलेलं बटण ओळखणार कोण?

आता दुकानात नियम केलाय. तीन जिन्नसांपर्यंत आधी तोंडी आकडा सांगायचा, मग टॅबला हात. सुरुवातीला पोरं कुरकुरली, आता आपसात पैजा लावतात. जिरंवाला मुलगा दिडकीत सगळ्यात पुढे आहे, बरं का.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक विनंती. एकूण रक्कम आणि परत द्यायची मोड दोन्ही ठळक अक्षरांत लगेच झळकतात. काउंटरवरचा माणूस स्वतःचा अंदाज टाकेपर्यंत ती झाकून ठेवायची सोय सेटिंगमध्ये द्या. ज्याला नको तो बंद ठेवेल. शिकाऊ पोरं ठेवणाऱ्या आमच्यासारख्या दुकानांना तिचा फार उपयोग होईल. तोवर पाचपैकी चार तारे.