जळणासाठी कटर: पेट्रोलचा, करंटवरचा की सरळ कटरवाल्याला बोलवायचं?

दिवाळी झाली की दाजींचा फोन येतोच. यंदा विषय एकच, लाकूड कापायचा चेनवाला कटर: "कटर घ्यायचाय. पेट्रोलचा घेऊ का करंटवरचा?" मी विचारलं, "लाकूड पडलंय कुठं?" ते म्हणाले, "त्याचा काय संबंध?"

सगळा संबंध त्याचाच आहे. दाजी पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला राहतात. त्यांचं जळण डोंगरउतारावरच्या वावरात, घरापासून अर्ध्या तासाच्या चढावर. तिकडचा पाऊस असा, की मे संपायच्या आत लाकूड कापून, फोडून, आडोशाला रचलं नाही तर चूल चार महिने नुसती धुमसत राहते. मी वाळवा तालुक्यातला. माझं जळण बांधावरनं ट्रॉलीत बसून परड्यात येतं. रोजचा बंब आणि हळद शिजवायचे दिवस, एवढ्यालाच ते लागतं. माझ्याकडं दोन्ही मशिनं आहेत. पेट्रोलचं आधी घेतलं, करंटवरचं नंतर. आज एकच घ्यायची वेळ आली तर मी करंटवरचं घेईन. दाजींना मात्र पेट्रोलचं घ्यायला सांगितलं.

पेट्रोलच्या मशिनांत दोन जाती. एक बिननावाचं, ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं (पट्टी म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती). दुसरं नावाजलेल्या कंपनीचं, तीस-पस्तीस सीसीचं, १४ किंवा १६ इंची पट्टीचं, आणि किमतीला पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट. आपली माणसं मोटारसायकल घेतल्यासारखी सीसी विचारतात आणि मोठं उचलतात. जळणाचा ओंडका दहा-बारा इंचांच्या वर क्वचित जातो. त्याला २२ इंची पट्टी म्हणजे हाताला वजन, धार लावायला जास्तीचे दात आणि ओंडक्यापलीकडं मातीत घुसणारं टोक. तरीही बिननावाच्या मशीनची एक बाजू खरी आहे: त्याचे सुटे भाग शेती अवजारांच्या बहुतेक दुकानांत मिळतात आणि गावाकडच्या मिस्त्रीनं ते आधी कधीतरी उघडलेलं असतं. कंपनीचं घेणार असाल तर सर्व्हिस कराडला मिळते की पुण्याला पाठवावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा.

यात साधं पेट्रोल चालत नाही. इंजिन टू-स्ट्रोक, त्याला वंगण पेट्रोलातनंच मिळतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. माझ्या भाच्यानं एकदा मोटारसायकलच्या टाकीतलं पेट्रोल काढून तसंच ओतलं. मशीन दहा मिनिटं झकास चाललं, मग जे थांबलं ते दोरी ओढून हात दुखले तरी हललं नाही. पिस्टन चिकटला होता. त्या दुरुस्तीच्या पैशात करंटवरचं मशीन अर्धं आलं असतं. आता मिसळलेल्या पेट्रोलच्या कॅनला लाल चिंधी बांधलेली असते.

दुसरं दुखणं इथेनॉलचं. आपल्याच उसाचं, पण या छोट्या इंजिनाला ते मानवत नाही. बऱ्याच कंपन्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत चालेल म्हणतात. पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, रबरी नळ्या खराब होतात, महिनोन्महिने पडून राहिलं तर कार्बोरेटर चोंदतो. म्हणून लागेल तेवढंच मिसळायचं आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवायचं. पावसाळाभर भरलेल्या टाकीनं ठेवलेलं मशीन दसऱ्याला सुरू होईल या आशेवर राहू नका.

करंटवरच्या मशीनला ही कटकट नाही. दोरी नाही, चोक नाही, धूर नाही, आवाजही बराच कमी. आमच्या वहिनी लाकडी घोडीवर ओंडका ठेवून माझ्यापेक्षा जास्त कापतात. "करंटवरचं म्हणजे खेळणं" म्हणणाऱ्यांना मी सांगतो की जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली काढलेला पहिला कटर विजेवरचाच होता, त्यांचा पेट्रोलचा १९२९ साली आला. मर्यादा वायरची. १८०० ते २००० वॉटचं मशीन आठ-नऊ अँपियर ओढतं. घरातल्या छोट्या प्लगला ते लावू नका, पंधरा अँपियरचा पॉइंट लागतो. वायर अडीच एमएमची, तीन तारांची घ्या; पन्नास मीटरवर सहा-सात व्होल्टच पडतात. एक एमएमच्या वायरीत तेच पंधरा-सोळा व्होल्ट जातात, आणि गावात संध्याकाळी दाब आधीच पडलेला असतो. मग मोटर गरम होते. वर कोणी जोर लावून दाबलं की जळतेच. शेतातल्या थ्री फेजच्या पाळीवर विसंबून हे मशीन घेऊ नका. आणि ओल्या अंगणात, भुरभुर पावसात तर प्लगला हातच लावू नका.

बॅटरीवरचे छोटे कटर फांद्या सवळायला झकास, बागायतदारांनी जरूर घ्यावेत. बाभळीच्या बुंध्यापुढं त्यांची बॅटरी लवकर बसते.

आता खरी गोष्ट, आणि इथं दोन्ही मशिनं सारखीच. कापते ती चेन, इंजिन नव्हे. चेनला धार आहे की नाही हे भुसा सांगतो. जाडसर, तुकड्या-तुकड्यांचा पडत असेल तर ठीक, पिठासारखा पडायला लागला की थांबा. लोक थांबत नाहीत, जोर लावतात, पट्टी तापते, आणि मग मशीन वाईट निघालं म्हणून दुकानदाराशी भांडतात. धारेला गोल कानस लागते, कुठल्याही मापाची नव्हे. २२ इंची मशीनच्या ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची, छोट्या मशिनांच्या बारीक चेनला बहुधा ४ मिलिमीटरची. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, ते पट्टीवर कोरलेलं असतं. कोन बहुतेक चेनना ३० अंशांचा, दर दाताला सारखेच दोन-तीन हात, फक्त पुढं ढकलताना. एका बाजूचे दात लहान झाले की काप सरळ जात नाही, एका अंगाला वळतो. दातापुढच्या उंचवट्याकडं कोणी बघत नाही. दात झिजला की तोही चपट्या कानशीनं उतरवावा लागतो, दोघांच्या उंचीत फरक साधारण ०.६५ मिलिमीटरचा राहील असा. मी पेट्रोल भरायला थांबलो की कानस मारून घेतो. करंटवरच्या मशीनला चहाची सुट्टी.

चेनला तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी. जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून ओतू नका. त्यातल्या धातूच्या कणांनी तेलाचा पंप आणि पट्टी दोन्ही झिजतात. तापलेली चेन ताणून घट्ट केली असेल तर काम झाल्यावर सैल करा. गार होताना ती आखडते.

तासगावकडची उपटलेली द्राक्षबाग जळणाला स्वस्तात मिळते. मीही घेतली होती. जुन्या खोडात मांडवाची तार मुरलेली असते, वरनं दिसत नाही. एका कापात चेनचे दहा-बारा दात गेले. बांधावरच्या बाभळीत काटेरी तारेचे खिळे निघतात, तेही तसंच. ओंडका मातीवर ठेवून कापणं हा त्याच नुकसानीचा धिमा प्रकार.

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून तोंडाकडं येतं. खांद्याच्या वर उचलून कापू नका, गळ्यातला टॉवेल काढून ठेवा, चेनचा ब्रेक रोज तपासा. पेट्रोलच्या मशीनला कानात काहीतरी घालाच.

वर्षाला एखादी ट्रॉलीच लाकूड लागत असेल तर दोन्ही मशिनं विसरा. कटरवाला येतो, दिवसभरात काम उरकतो, कानस-तेल-पेट्रोल त्याचं. फोडायचं काम मात्र तुमचंच: मशीन आडवं कापतं, उभ्या ढलप्या काढायला कुऱ्हाड, पाचर आणि घण लागतातच. बाभूळ ओली असतानाच तुकडे करून फोडा. वाळली की चेनचाही जीव जातो आणि माणसाचाही. उभं झाड पाडायचं असेल तर १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात आंबा, चिंच, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन आहेत. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी आधी काढावी लागते.

दाजींनी शेवटी पस्तीस सीसीचं, १६ इंची घेतलं. सोबत दोन कानशी घ्यायला लावल्या तेव्हा कुरकुरले. पहिल्याच रविवारी डोंगरावरनं फोन आला, "मशीन जरा कमजोर वाटतंय."

"भुसा कसा पडतोय?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पिठागत."

"कानस कुठाय?"

"घरी."