कॉक्लिअर इम्प्लांटचा प्रोसेसर बदलताना झालेली फसवणूक

माझ्या मुलीचे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवायचे विद्युत उपकरण, केंद्र सरकारच्या दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या एडिप योजनेतून झाले. शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवलेला भाग आजही उत्तम काम देतो. परंतु आवाज टिपून आतील भागाकडे पाठवणाऱ्या, बाहेरून लावायच्या प्रोसेसरचे ते मॉडेल कंपनीने बंद केले, पुढे कॉईल आणि वायरही मिळेनाशा झाल्या आणि दुरुस्ती थांबली. आतील इम्प्लांट ज्या कंपनीचे, प्रोसेसरही त्याच कंपनीचा लागतो, त्यामुळे स्वस्त पर्याय शोधण्याची सोय नसते. या अडचणीतल्या पालकांना हेरणारे लोक आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

अधिकृत वितरक असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थाचा फोन आला. मुलीची शस्त्रक्रिया कधी झाली आणि इम्प्लांट कोणते आहे, हे त्याला आधीच ठाऊक होते. ही माहिती त्याच्यापर्यंत कशी पोहोचली, हे अजूनही उलगडलेले नाही. सरकारी योजनेतील मुलांसाठी खास सवलत असून जुना प्रोसेसर जमा केल्यास नवा पावणेदोन लाखांत मिळेल, असे त्याने सांगितले. कोटेशनवर कंपनीचे बोधचिन्ह होते, पैसे मात्र एका व्यक्तीच्या खात्यावर भरायला लावले. खोके सीलबंद आले आणि ते घेऊन आलेला माणूस जुना प्रोसेसर घेऊन गेला.

मॅपिंगच्या, म्हणजे प्रोसेसर मुलीच्या कानाला जुळवण्याच्या वेळी ऑडिओलॉजिस्टबाईंनी (श्रवणतज्ज्ञांनी) तो संगणकाला जोडला, तेव्हा त्यात दुसऱ्याच रुग्णाचा मॅप, म्हणजे त्या रुग्णासाठी केलेली जुळणी, निघाला. सिरियल क्रमांक कंपनीला कळवल्यावर तो प्रोसेसर हरवल्याची नोंद असल्याचे समजले. अर्थात वॉरंटी नाही आणि दुरुस्तीही नाही. कानाच्या आत बसवलेल्या प्रत्येक इलेक्ट्रोडवर (विद्युतप्रवाह देणाऱ्या टोकावर) किती विद्युतप्रवाह सोसवेल, हे प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे ठरवलेले असते, त्यामुळे दुसऱ्याचा मॅप कानाला लावला तर आवाज असह्य होऊ शकतो. असा प्रोसेसर लहान मुलाच्या हाती देणाऱ्याला हे माहीत नसेल, असे मला वाटत नाही.

पैसे गेल्याचे दुःख आहेच, परंतु जुना प्रोसेसर हिरावून घेतला याचा संताप अधिक आहे. तो कुरकुरत का होईना चालत होता. प्रोसेसरविना माझ्या मुलीला काहीही ऐकू येत नाही, आणि बाईंनी तात्पुरता प्रोसेसर मिळवून देईपर्यंत ती वर्गात केवळ फळ्याकडे पाहत बसत असे. म्हणून सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे की, नव्या प्रोसेसरचे मॅपिंग होऊन मूल त्यावर नीट ऐकू लागेपर्यंत जुना प्रोसेसर कोणालाही देऊ नये, मग सवलत कितीही मोठी असो.

पैसे भरण्यापूर्वी सिरियल क्रमांक लेखी मागून घ्यावा आणि आपल्या ऑडिओलॉजिस्टमार्फत थेट कंपनीकडून तपासावा. जो विक्रेता क्रमांक देण्यास टाळाटाळ करतो किंवा खासगी खात्यावर रक्कम मागतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असल्यास शुल्क लागत नाही. माझी तक्रार तेथे दाखल आहे. कोटेशन, बँकेची नोंद, खोक्याची छायाचित्रे आणि ऑडिओलॉजिस्टबाईंचा लेखी अहवाल तिला जोडला आहे.