वजन उतरवायच्या तीन वाटा: आहार-व्यायाम, औषध की शस्त्रक्रिया?

स्थूलपणावर उपचार घ्यायचं ठरवलेल्या माणसापुढे आज तीन मोठ्या वाटा आहेत: आहार-व्यायामाचा शिस्तशीर कार्यक्रम, भूक आटोक्यात ठेवणारी औषधं आणि बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर-आतड्यांवर करायची, शस्त्रक्रिया. ‘कशानं किती किलो उतरतं?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याची उत्तरं पुढे दिली आहेत, पण निवड त्यावरून करू नये असं माझं ठाम मत आहे. उतरलेलं वजन चौथ्या-पाचव्या वर्षी कुठे असेल आणि ते तिथे राखायला रोज काय करावं लागेल, हे आधी पाहा.

वजन घटलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, तृप्ती देणारं लेप्टिन घटतं आणि विश्रांतीत खर्च होणारे उष्मांकही कमी होतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही हे बदल पूर्ववत झालेले नव्हते. त्यामुळे वजन पुन्हा चढलेल्या रुग्णाला ‘तुमची इच्छाशक्तीच कमी’ असं ऐकवणं अन्यायाचं आहे आणि वैद्यकीयदृष्ट्या चुकीचंही. असं ऐकून घेतलेला रुग्ण पुढच्या तपासणीला येतच नाही.

वाट निवडण्याआधी आपली चालू औषधं डॉक्टरांपुढे ठेवा. इन्सुलिन, सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या, स्टिरॉइड, मानसिक आजारांवरचं ओलान्झापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढू शकतं. काही वेळा पर्यायी औषध देता येतं, पण स्वतःहून काहीही बंद करू नका. थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर करून घ्या. मोठ्यानं घोरणं आणि दिवसभर पेंग असेल, तर झोपेत श्वास अडकतो का हेही पाहायला हवं.

आहार-व्यायाम

ही वाट कमी लेखली जाते, कारण काट्यावरचा आकडा लहान दिसतो. पण वजन ५ ते १० टक्के घटलं तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांत फरक पडतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लक्ष्य साधंच होतं: ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करायची. मधुमेह होण्याचं प्रमाण त्यानं ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं घट झाली ती ३१ टक्के.

मधुमेह नुकताच झालेल्यांनी ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीची माहिती ठेवावी. त्यात तीन ते पाच महिने नेहमीच्या जेवणाऐवजी दिवसाला सुमारे ८५० उष्मांकांचा ठरलेला द्रव आहार होता, नंतर टप्प्याटप्प्यानं नेहमीचं जेवण. वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाशिवाय आटोक्यात होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के होतं. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं सुरू असताना असं काही घरच्या घरी करू नये, साखर किंवा दाब एकदम उतरू शकतो.

कर्बोदकं कमी करावीत की चरबी, यावर फार वेळ घालवू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाशेहून अधिक जणांच्या चाचणीत दोन्ही गटांचं वजन वर्षभरात जवळपास सारखंच उतरलं. जे पथ्य तुम्हाला वर्षानुवर्षं झेपेल ते तुमचं.

मर्यादाही मोठी आहे. मधुमेहींसाठीच्या ‘लुक अहेड’ चाचणीत समुपदेशकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा होता. तरी पहिल्या वर्षाची ८.६ टक्क्यांची घट शेवटी ६ टक्क्यांवर आली, आणि हृदयविकाराच्या घटना घटल्या नाहीत. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५च्या वर असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ‘आधी वर्षभर चालून बघा, मग पाहू’ म्हणत राहणं म्हणजे त्याचा वेळ दवडणं.

औषधं

ऑर्लिस्टॅट आहारातली सुमारे एक तृतीयांश चरबी शोषू देत नाही. गुण बेताचा आणि तेलकट जुलाबांचा त्रास, म्हणून फार जण ते लवकर सोडतात. खरी तुलना आता आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांशी आहे. २०२१च्या चाचणीत यांतल्या सेमाग्लुटाइडनं ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, तर औषध नसलेल्या गटात २.४ टक्के. २०२२च्या चाचणीत टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनं ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट झाली. दोन्ही चाचण्यांत आहार आणि हालचालीचा सल्ला सोबत होताच.

हृदयविकार आधीच असलेल्यांसाठी सेमाग्लुटाइडचं पारडं आणखी जड आहे. मधुमेह नसलेल्या पण वजन जास्त असलेल्या १७,६०४ हृदयरुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. आहार-व्यायामाच्या वाटेला हे सिद्ध करता आलेलं नाही.

आता थांबवलं तर काय, हे पाहू. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचं उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. ‘लग्नापुरतं’ किंवा ‘सहा महिने घेऊन बघतो’ म्हणून सुरू करायचं हे औषध नव्हे. रक्तदाबाच्या गोळीसारखं ते दीर्घकाळ घ्यावं लागेल असं धरूनच खर्चाचा आणि मनाचा हिशेब करा.

मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे त्रास मात्रा वाढवताना जास्त होतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात तीव्र, सतत दुखलं तर थांबू नका, लगेच दाखवा. स्वतःला किंवा कुटुंबात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर या इंजेक्शनांची वाट बंद. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाइड सुरू करताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, ही गोष्ट स्त्रियांना नेमकी कुणी सांगत नाही.

शस्त्रक्रिया

सर्वांत जास्त आणि सर्वांत दीर्घकाळ टिकणारी घट इथे मिळते, आणि भीतीही हिचीच सर्वांत जास्त. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात जठराची बायपास (हृदयाची नव्हे) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्के उतरलं. थोडं परत आलं, तरी दहा वर्षांनीही घट २५ टक्के होती. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाणही न झालेल्यांपेक्षा कमी होतं.

शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून नळीसारखा भाग ठेवतात. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं असा जुना त्रास असेल तर स्लीव्हनं तो वाढू शकतो, अशा वेळी बायपास बरी. मात्र बायपासनंतर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात आणि मद्य फार लवकर चढतं. ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ठरावीक काळानं रक्ततपासण्या आयुष्यभर लागतात. गर्भधारणा वर्ष-दीड वर्ष पुढे ढकलावी लागते.

२०२२ मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर सोबत आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि मधुमेहासह ३० पासून विचार करता येतो. आशियाई वंशाच्या लोकांसाठी हा आकडा २७.५ पर्यंत खाली येतो, कारण त्यांच्यात कमी वजनालाच मधुमेह जडतो. शस्त्रक्रियेला ‘शेवटचा उपाय’ मानून दहा वर्षं मधुमेह मुरू देणं मला पटत नाही. मधुमेह जितका जुना, तितकी तो मागे हटण्याची शक्यता कमी.

मग कुणी काय निवडावं

वजन थोडं जास्त, साखर उंबरठ्यावर आणि दुसरा आजार नाही, तर पहिली वाट, पण नियमित पाठपुरावा देणाऱ्या कार्यक्रमासह. बीएमआय तिशीच्या पुढे, सोबत रक्तदाब किंवा हृदयविकार, आणि मनापासून केलेले प्रयत्न पुन्हा पुन्हा उलटलेले, तर औषध. बीएमआय पस्तिशीच्या पुढे आणि मधुमेह, तर सर्जनशी निदान एकदा बोलाच. त्या भेटीनं कुणी बांधला जात नाही. आणि वाटा एकमेकींत मिसळतात: शस्त्रक्रियेनंतर वजन परत चढू लागलं तर औषध देता येतं.

तिन्हींत वजनासोबत स्नायूही घटतात. म्हणून पुरेशी प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा वजनं किंवा रबरी पट्टे घेऊन ताकदीचा व्यायाम कुठल्याच वाटेवर सुटत नाही, उतारवयात तर नाहीच. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर राखलेल्यांचीच नोंद तिच्यात होते. त्यांतल्या बहुतेकांच्या सवयी सारख्या आढळल्या: रोज सुमारे तासभर हालचाल, आठवड्यातून निदान एकदा वजन पाहणं, सुट्टीच्या दिवशीही खाण्यात फार फरक न करणं.

होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा: पहिल्या वर्षानंतर भेटी किती, आहारतज्ज्ञ सोबत असतील का, आणि दोन-तीन किलो परत चढले तर मी कुणाला फोन करायचा? ज्या ठिकाणी या शेवटच्या प्रश्नाला नाव आणि वेळ मिळते, तिथे उपचार सुरू करा.