दुखणं कोपराचं, चूक डाव्या गुडघ्याची

आमची थोरली भाला फेकते. तिचा भाला ६०० ग्रॅमचा, हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण जानेवारीपासून तिचं कोपर आतल्या अंगानं ठणकायला लागलं. आम्ही तालमीतली माणसं, तीन आठवडे तेलच चोळत बसलो. नीरज चोप्राच्या कोपराचं २०१९ मध्ये ऑपरेशन झालं होतं, हे कुणीतरी घरात बोललं आणि बायकोची झोप उडाली. मग कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका व्हिडिओ अ‍ॅनालिसिसवाल्याला गाठलं. फी १८०० रुपये.

ते अ‍ॅनालिसिसवालं पोरगं सकाळी साडेसहाला मैदानावरच आलं. एक कॅमेरा बाजूनं, एक मागनं, सेकंदाला २४० फ्रेम. बारा वेळा फेकायला लावलं आणि तिथंच कट्ट्यावर लॅपटॉप उघडला. डावा पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंत ३१ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. तेवढ्यात हिचा डावा गुडघा पार खचत होता! इतकी वर्षं मी मैदानाच्या कडेला उभा, नजर कायम हातावर.

केएमटीच्या बसनं कचकन ब्रेक मारला की उभी माणसं कशी पुढं जातात, तसंच हे. पुढचा पाय ताठ रोवला की कंबर थांबते आणि धावण्याचा वेग छाती, खांदा, कोपर करत हातात उतरतो. हिचा ब्रेकच लागत नव्हता. उरलेलं काम एकटा हात ओढत होता, कोपर खाली पडून बाहेरनं फिरत होतं आणि आतल्या लिगामेंटवर, म्हणजे हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यावर, ताण येत होता. "काका, आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, मग पायाचं बघू," असं त्यानंच बजावलं. हे मला लई आवडलं.

सहा आठवडे भाला बंद. जागेवरनं किलोचा बॉल भिंतीवर, मग तीन पावलांवरनं. ठणका गेला. अंतर मात्र आहे तेवढंच आहे, खोटं कशाला सांगू.

रिपोर्टवर माझा राग आहे. चार दिवसांत देतो म्हणाले, नवव्या दिवशी आला. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. कोचनी दोन पानं वाचली आणि परत दिला.

जाणार असाल तर स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, रोजचेच न्या. आणि कॅमेरे लावायला अर्धा तास जातो, तोवर पोरांना वॉर्मअप करू देऊ नका, अंग गार पडतं.