६.७ मिमी फेराइट टाइल: ईएमसी चेंबरमधल्या १४ महिन्यांचा अनुभव

ईएमसी चेंबर म्हणजे विद्युत उपकरणे नको त्या रेडिओ लहरी सोडतात का आणि बाहेरच्या लहरींना टिकतात का, हे तपासायची धातूने बंद केलेली खोली. आतल्या लहरी भिंतींवरून परतू नयेत म्हणून तिला शोषक टाइल लावतात. आमचे चेंबर आतून ७ × ३ × ३ मीटर. चार भिंती आणि छत मिळून ८१ चौरस मीटर, आणि त्यावर १०० × १०० × ६.७ मिमी मापाच्या निकेल-झिंक फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) सुमारे ८,१०० टाइल. जुलैत, ऐन पावसाळ्यात बसवल्या. आता दुसरा पावसाळा संपत आला आहे. ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी हा माल बेलाशक घ्यावा. मात्र पैसे टाइलवर जितक्या विचाराने खर्च कराल, तितकाच विचार सांध्यांवर करा. वर्षभरात जे काही बिघडले ते सांध्यांमध्येच बिघडले.

आधी वजनाचे बघा. एक टाइल साधारण ३५० ग्रॅमची. म्हणजे चौरस मीटरला ३५ किलो आणि सगळ्या चेंबरला २.८ टन. एकट्या छतावर टाइल आणि १२ मिमी प्लायवूड धरून ९०० किलोच्या आसपास भार येतो. शिल्डिंगच्या (लहरी अडवणाऱ्या) पत्र्यावर हा भार टाकू नका, त्यासाठी बाहेरून स्वतंत्र लोखंडी सांगाडा हवा. छतावरच्या टाइलला नुसता गोंद पुरत नाही. मधल्या १० मिमी भोकातून स्क्रू आणि त्याखाली प्लास्टिकचा वॉशर हवाच. स्क्रू हाताने आवळा. ड्रिल मशीनने आवळला की टाइल भोकापासून कडेपर्यंत तडकते. ती तडक डोळ्यांना दिसत नाही, पण चुंबकीयदृष्ट्या तीही फटच असते.

जाडी बरोबर ६.७ मिमीच का, हे समजले की सांध्यांचे महत्त्व आपोआप कळते. धातूला चिकटलेला पातळ चुंबकीय थर येणाऱ्या लहरीला जो अडथळा दाखवतो तो वारंवारता, जाडी आणि पारगम्यतेचा (पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती वाट देतो त्या आकड्याचा) शोषक भाग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. हा अडथळा हवेच्या ३७७ ओमला जुळला की परावर्तन जवळजवळ थांबते. ६.७ मिमी जाडीला ३० मेगाहर्ट्झवर त्यासाठी शोषक पारगम्यता २३७ च्या आसपास लागते. पुढे वारंवारता वाढते त्याच प्रमाणात निकेल-झिंकची शोषक पारगम्यता घटत जाते, त्यामुळे गुणाकार तसाच राहतो आणि एकच जाडी फार रुंद पट्टा सांभाळते. पारगम्यता आणि वारंवारता यांना असे एकत्र बांधणारी मर्यादा फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या स्नूक यांनी १९४८ मध्ये मांडली. एरवी ती अडचणच मानली जाते, इथे मात्र तिच्याच जोरावर काम चालते. ३० मेगाहर्ट्झसाठी कार्बन फोमचे सुळके दोन मीटरहून लांब लागतात. ३ मीटर रुंद खोलीत त्यांना जागाच नाही.

आता फटी. मूळ पारगम्यता १००० धरून केलेला हिशेब असा: टाइल एकमेकींना पूर्ण भिडलेल्या असतील तर ३० मेगाहर्ट्झला परावर्तन १८ ते १९ डीबी खाली जाते. प्रत्येक सांध्यात ०.१ मिमी फट राहिली तर जेमतेम १३ डीबी, आणि ०.२ मिमी राहिली तर ९ ते १० डीबी. तीच ०.२ मिमी फट १०० मेगाहर्ट्झला मात्र फारशी नडत नाही, तिथे २० डीबीच्या आसपास मिळतातच. म्हणून वरच्या पट्ट्यात सगळे ठीक आणि ३० ते ५० मध्ये आकडे घसरलेले दिसले, तर आधी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) हातात घ्या.

आमच्याकडे हे डिसेंबरात दिसले. ३६ टाइल चिकटवलेले ६०० × ६०० मिमीचे प्लायवूड पॅनेल पावसाळ्याची दमट हवा प्यालेल्या अवस्थेतच बसवले गेले होते. पुढे एसी सतत चालू राहिला, बाहेर हिवाळा कोरडा, आणि लाकूड आकसले. ६०० मिमीत ०.०५ टक्के आकसणे म्हणजे ०.३ मिमी, आणि ही फट पॅनेलच्या सांध्यावर एकवटते. उलट, कोरड्या दिवसांत घट्ट बसवलेले पॅनेल पावसाळ्यात फुगतात, टाइलच्या कडा एकमेकींवर दाबतात आणि टवके उडतात. दोन्ही टाळायचे तर पॅनेल बसवण्याआधी निदान दोन आठवडे त्याच खोलीत, एसी आणि डीह्युमिडिफायर चालू ठेवून, ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत उभे करून ठेवा. नंतर सुट्टीच्या दिवशीही ती आर्द्रता सोडू नका. प्लायवूड आयएस ७१० प्रतीचे मरीन घ्या. आगीची अट असेल तर आयएस ५५०९. प्लाय काढून टाइल थेट पत्र्यावर चिकटवायचा मोह होतो, पण मधल्या १२ ते १३ मिमीच्या अंतरामुळे पट्ट्याच्या वरच्या टोकाला फायदा मिळतो, तो घालवू नका.

दोष शोधताना ध्रुवीकरण मदतीला येते. अँटेना उभा असताना विद्युत क्षेत्र उभे आणि चुंबकीय क्षेत्र आडवे असते, म्हणून बाजूच्या भिंतींवरच्या उभ्या फटी त्याला आडव्या येतात. आडव्या फटी त्याच्या वाटेत पडतच नाहीत. आमच्या मोजणीत पहिल्या दिवसापेक्षा पडलेला फरक फक्त उभ्या ध्रुवीकरणात, सुमारे दीड डीबीचा होता. त्यामुळे अर्धे सांधे तपासायची गरजच उरली नाही. हा फरक पकडला तो बॅटरीवरच्या कॉम्ब जनरेटरने (ठरावीक अंतरावरच्या अनेक वारंवारता एकदम सोडणाऱ्या स्रोताने). दर महिन्याला तो जमिनीवरच्या त्याच खुणेवर ठेवून, त्याच उंचीच्या बायकोनिकल अँटेनाने आलेख काढायचा आणि पहिल्या दिवसाच्या आलेखावर ठेवून बघायचा. अर्ध्या तासाचे काम आहे. १ डीबीहून जास्त सरकले की गेज काढा. पूर्ण साइट व्हॅलिडेशनमध्ये (चेंबरच्या अधिकृत तपासणीत) ±४ डीबीची अट मोडेपर्यंत वाट बघू नका.

फट भरायला रंगाऱ्याची पुट्टी किंवा सिलिकॉन काही कामाचे नाही. चुंबकीय क्षेत्राला ती हवाच वाटते. पॅनेल सरकवून फट मिटत असेल तर तेच सर्वांत चांगले. नसेल तर फेराइट भुकटी मिसळलेला लवचिक इपॉक्सी भरा. त्याची पारगम्यता ५ असली तरी ०.३ मिमीची फट ०.०६ मिमीसारखी वागते. कडक इपॉक्सी पुढच्या ऋतूत तडकतो.

१ गिगाहर्ट्झच्या वर नुसत्या टाइलकडून अपेक्षा ठेवू नका. तिथे शोषक पारगम्यता ७ च्या आसपास उतरते, तर टाइलचा परावैद्युतांक (विद्युत क्षेत्रासाठीचा तसाच आकडा) १२ ते १५ वरच राहतो. जुळणी मोडते आणि टाइल आरशासारखी वागू लागते. त्यासाठी टाइलवर फोमचे सुळके लागतात, आणि नेमकी इथेच खरेदीत चूक होते. नेहमीचा मायक्रोवेव्ह फोम कार्बनने गच्च भरलेला असतो. तो टाइलच्या पुढे लावला की खालच्या वारंवारतेला लहर टाइलपर्यंत पोचण्याआधीच त्याच्यावरून परतते. फेराइटसोबत जुळवलेला, कमी कार्बनचा हायब्रिड सुळकाच मागा, आणि फोम लावून झाल्यावर ३० ते २०० मेगाहर्ट्झ पुन्हा मोजा.

उष्णतेची भीती जेवढी ऐकवली जाते तेवढी नाही. चाचणीत १० व्होल्ट प्रति मीटरचे क्षेत्र असेल तर चौरस मीटरमागे ०.२७ वॉट पडतात, टाइलला त्याचा पत्ताही लागत नाही. २०० व्होल्ट प्रति मीटरला मात्र १०६ वॉट. या जातीच्या फेराइटचा क्युरी बिंदू १०० अंश सेल्सिअसच्या जवळपासच असतो. त्यापलीकडे ती शोषणे सोडते, थंड झाली की पूर्ववत होते. गाड्यांच्या सुट्या भागांची जोरदार चाचणी करत असाल तर अँटेनासमोरच्या भिंतीवर हात ठेवून बघत जा, अर्थात अॅम्प्लिफायर बंद करून.

माल आल्यावर दोन तपासण्या करा. मल्टिमीटरच्या पिना टाइलवर टेकवा: निकेल-झिंक असेल तर ओपन दाखवतो, किलोओम दिसले तर ती मँगेनीज-झिंक आहे आणि या कामाला निरुपयोगी. दुसरी, दहा टाइल काटकोनाच्या गुण्याला लावून सपाट काचेवर भिडवा आणि सांध्यात ०.१ मिमीची पाती जाते का बघा. टाइल भट्टीत बरीच आकसते, त्यामुळे कडा घासून मापात आणलेल्या आहेत की नाहीत हे इथेच कळते. कापायची वेळ आली तर डायमंड चाकावर पाणी सोडून कापा आणि मास्क लावा, भुकटीत निकेल असते. टाइलवर मॅग्नेट लावून केबल टांगायची सवय दिसली तर लगेच मोडा. मॅग्नेट असेपर्यंत त्याखालचा भाग चुंबकीयदृष्ट्या संपृक्त राहतो आणि शोषण्याच्या कामाचा राहत नाही.

इम्युनिटी चाचणीसाठी (उपकरण बाहेरच्या लहरींना टिकते का हे बघण्यासाठी) जमिनीवर ठेवायची पॅनेल सर्वांत लवकर झिजतात. एक पॅनेल १५ किलोच्या पुढे, रोज उचलायचे, आणि कडा आपटतेच. आमच्या १४ महिन्यांतल्या टवक्यांपैकी बहुतेक इथलेच. चाचणी ८० मेगाहर्ट्झपासून सुरू होत असल्याने तिथे मिलिमीटरच्या फटीने फारसे बिघडत नाही, तरी कडेला पातळ नायलॉनची पट्टी लावून घ्या. जादा टाइल २ ते ३ टक्के, आणि त्याच बॅचच्या घ्या. वर्षभराने मागवलेल्या बॅचचे माप दशांश मिलिमीटरने जरी वेगळे निघाले तरी जुन्या रांगेत ती भिडत नाही.