आठ महिने रेकॉर्ड प्लेअर वापरल्यावर: यंत्र कसं आहे आणि माझी क्रमवारी का बदलली

दिवाळीच्या आधी रेकॉर्ड प्लेअर घेतला, आता जून संपत आला. मधले आठ महिने तो बहुतेक रोज संध्याकाळी चालला. पहिल्या आठवड्यातच अनुभव लिहायला बसले होते, पण लिहिला नाही ते बरं झालं. तेव्हा आवाज किती भरदार येतो एवढंच लिहिलं असतं. आज त्याहून महत्त्वाचं सांगायचं आहे. आवडत्या गाण्यांची माझी क्रमवारी कॉलेजपासून ठरलेली होती, ती या यंत्रावर ऐकल्यावर टिकली नाही.

आमचं घर सांगलीत, गावभागात. आईकडे तिच्या वडिलांची पत्र्याची पेटी आहे, त्यात साठेक रेकॉर्ड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा पेटी माडीवर न्यायला उशीर झाला आणि तळाशी पाणी शिरलं. कागदी कव्हरांचा लगदा झाला, काही लेबलं निघून आली, पण एलपी, म्हणजे एका बाजूला बरीच गाणी मावणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड, सगळ्या वाचल्या. त्या व्हिनाइल या प्लास्टिकच्या असतात, त्याला पाणी काही करत नाही. त्या नुसत्या वाचून पेटीत पडून राहाव्यात हे मला सहन होईना, म्हणून ही खरेदी.

आधी केलेली चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. ब्रीफकेससारखा उघडणारा, आतच स्पीकर असलेला स्वस्त प्लेअर ऑनलाइन मागवला होता. त्याची पिन रेकॉर्डवर किती वजनाने टेकते हे पाहायला छोटा डिजिटल काटा आणला, तर पाच ग्रॅमच्या वर आकडा आला. कमी करायची सोयच नव्हती. चांगल्या पिनला दोन ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. पन्नास वर्षं जपलेल्या खाचा अशा पिनखाली घालायच्या नव्हत्या, म्हणून परत केला.

मग घेतला तो बेल्टवर फिरणारा, पिनच्या दांड्यावर (आर्मवर) मागे वजन सरकवता येणारा, कार्ट्रिज (पिन बसते तो भाग) बदलता येणारा आणि तीन गतींचा: मिनिटाला ३३⅓ (बोलताना नुसतं ३३), ४५ आणि ७८ फेऱ्या. ही तिसरी गती बघूनच घ्या. हल्लीच्या पुष्कळ मॉडेलांत ७८ नसते आणि घरात आजोबांच्या ७८ गतीच्या तबकड्या असतील तर पुढे हळहळ होते. पिनचा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प आतच आहे, त्यामुळे साध्या स्पीकरला वायर जोडली की काम झालं. दोन स्पीकर धरून २९ हजार गेले. ७८ साठी वेगळी पिन घ्यावी लागली, ती मोजली नाही. ती चैन नव्हे. एलपीच्या पिनचं टोक ७८ च्या रुंद खाचेत तळाला जाऊन घासतं आणि खरखर तेवढी वर आणतं. ७८ च्या पिनचं टोक चौपट जाड असतं. पिन बदलल्यावर बालगंधर्वांच्या एका तबकडीत मागची सारंगी मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. तोवर मी तिला घरघर समजत होते.

आमच्या माडीला लाकडी तक्तपोशी आहे. कुणी जिना चढला की पिन उडायची. भिंतीत दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आणि प्लेअर त्यावर, तेव्हापासून एकदाही उडाली नाही. तुमच्याकडे सिमेंटची जमीन असेल तर एवढं करायला नको.

दुसरा त्रास जास्त दिवस पुरला. तिसऱ्या महिन्यात आई म्हणाली, "अगं, हे सगळे अर्ध्या स्वराने खाली का गातायत?" मला फरक कळत नव्हता. ती बाजाच्या पेटीवर स्वर धरून दाखवायची, मी मान डोलवायची. दुकानदाराकडे नेला तर "एवढं नॉर्मल असतं" म्हणून त्यांनी तो परत दिला. शेवटी जुनी युक्ती केली. रेषा आखलेली कागदी चकती फिरत्या रेकॉर्डवर ठेवायची आणि जुन्या, चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघायची. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर ३३ च्या गतीसाठी चकतीवर १८० रेषा लागतात. गती बरोबर असेल तर रेषा स्थिर दिसतात, कमी असेल तर मागे सरकतात. आमच्या रेषा चांगल्याच मागे पळत होत्या. बेल्ट सैल झाला होता. नवा घातला, खालचा मोटरचा स्क्रू किंचित फिरवला, रेषा थांबल्या. आईने पेटीवर षड्‌ज धरला आणि मान हलवली. तेव्हापासून दर महिन्याला ही तपासणी करते. एलईडी दिव्याखाली मात्र हे नीट जमेलच असं नाही.

धुण्याबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घेऊन मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसते आणि ताटं वाळवायच्या जाळीत उभी ठेवते. पण ७८ च्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेला कुठलाही क्लीनर लावू नका. त्या लाखेपासून बनलेल्या असतात. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, तेच तुमच्या तबकडीचं होईल. मी एका ओळखीच्या घरी अशी तबकडी पाहिली आहे. तिच्यावरचं गाणं कायमचं गेलं होतं.

आता क्रमवारी.

पूर्वी पहिलं स्थान गीतरामायणाला होतं, त्याखाली सत्तरच्या दशकातली चित्रपटगीतं, मग भावगीतं. ही यादी मोबाइलवर ऐकून झालेली होती. एक गाणं आवडलं की तेच परत, नाही आवडलं की पुढचं. रेकॉर्डवर तसं ऐकता येत नाही. एलपीची एक बाजू म्हणजे वीसेक मिनिटं, आणि मधलं गाणं टाळायचं तर उठून आर्म उचलावा लागतो. मी उठत नाही, बसून ऐकते. त्यामुळे कुठली गाणी चांगली हा प्रश्न मागे पडला आणि कुठली बाजू सलग ऐकावीशी वाटते हा पुढे आला.

या कसोटीवर सगळ्यात आधी पडले ते निवडक गाण्यांचे संच. एकेक गाणं सुरेख, पण लावणीनंतर अंगाई आणि अंगाईनंतर युगुलगीत असं पुढे जाताना मन कुठेच बसत नाही. त्यात रेकॉर्डची स्वतःची एक अडचण आहे. पिन मध्याकडे जाते तसा खाचेचा घेर लहान होतो, त्याच वेळात कमी लांबीत आवाज मावावा लागतो आणि शेवटच्या गाण्यात 'स', 'श' फाटायला लागतात. वाद्यांची गर्दी असलेलं गाणं बाजूच्या शेवटी टाकलं असेल तर ते तिथे मार खातं. माझं एके काळचं दोन नंबरचं गाणं अशाच एका संचात आतल्या टोकाला आहे. आता ते पहिल्या दहांतही नाही.

पहिल्या क्रमांकावर आलं 'जैत रे जैत'. १९७७ चा जब्बार पटेलांचा चित्रपट, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. मोबाइलवर मी यातली दोनच गाणी ऐकायची, आशाबाईंचं पावसाचं आणि लताबाईंचं एकुलतं एक. बाकीची मला तुकडे वाटायची, सुरू होतात न होतात तोच संपणारी. सलग ऐकल्यावर कळलं की ते तुकडे नाहीतच. ठाकरांचा ढोल एका गाण्यातून निघतो आणि पुढच्यात येऊन टेकतो, कोरस मध्येच उठतो आणि विरतो, आणि ती दोन प्रसिद्ध गाणी या वाहत्या पाण्यात वर आलेल्या खडकांसारखी दिसतात. खडक तेवढे उचलून घरी आणले तर नदी कशी दिसणार? मी वीस वर्षं तेच करत होते. ढोलाचा ठोका चांगल्या स्पीकरवर छातीत जाणवतो, तेही खरं. पण पहिला नंबर त्यासाठी दिलेला नाही.

दुसऱ्या क्रमांकावर केसरबाई केरकर आहेत, आणि यावर माझं कुणाशीही वाद घालायची तयारी आहे. त्यांच्या जुन्या ७८ च्या मुद्रणांची एकत्र केलेली एलपी आमच्याकडे आहे. गोव्यातल्या केरी गावची ही बाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकली, ज्यांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात दरबारगायक म्हणून ठेवलं होतं. मैफलीत तासभर चालणारा राग इथे तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेला आहे, कारण तबकडीवर तेवढीच जागा. पूर्वी मला ही मजबुरी वाटायची, मोठ्या गाण्याचा नमुना ऐकल्यासारखी. आता तसं वाटत नाही. त्या सुरुवात करतात तीच रागाच्या मधोमध उभं राहून. एकही आवर्तन वाया जात नाही, आणि सम (तालाची पहिली मात्रा) येते तेव्हा ती आधीपासून ठरलेलीच होती असं वाटतं. त्यांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्या फिरवायची आहे, म्हणजे आपल्या एलपीच्या बरोबर निम्म्या गतीने. ५ सप्टेंबर १९७७ ला व्हॉयेजर १ निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही तारीख मी एलपीच्या नव्या कव्हरवर आतून पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

तिसरं 'शिवकल्याण राजा'. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालचं. यातली गाणी उत्सवात, मिरवणुकीत इतकी वाजतात की मी त्यांना ऐकणं सोडूनच दिलं होतं. रेकॉर्डवर बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन गाण्यांच्या मध्ये जागच्या जागी आहे आणि त्याने सगळं बदलतं. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशी शतकांचं अंतर असलेली माणसं एकाच माणसाबद्दल बोलतायत हे निवेदन नसेल तर लक्षातच येत नाही. कुसुमाग्रजांच्या कवितेआधी खोलीत जी शांतता होते ती चौकातल्या स्पीकरवर कधीच मिळणार नाही.

'कट्यार काळजात घुसली' चौथं. अभिषेकीबुवांच्या चाली आणि वसंतराव देशपांडे, यावर मी काय भर घालणार? वर का नाही, एवढंच सांगते. नाटक १९६७ चं, आणि वसंतरावांनी रंगवलेल्या खाँसाहेबाला समोर प्रेक्षक हवेत असं मला प्रत्येक वेळी वाटतं. तबकडीवर ते जपून गातात. भीमसेन जोशींचे अभंग आणि लताबाईंचे 'अभंग तुकयाचे' पाचव्या जागी एकमेकांना ढकलत असतात. आषाढ जवळ आला की भीमसेनजी पुढे जातात.

आणि गीतरामायण? डिसेंबरमध्ये मी संच लावून एका रविवारी लागोपाठ चार बाजू ऐकल्या आणि थकून गेले. इतकी उत्तम गाणी, आणि चौथ्या बाजूला माझं लक्ष नव्हतं. फार वाईट वाटलं. यादीत ते सातव्या जागी लिहिताना हात जड झाला होता. मग आईने विचारलं, "ते असं ऐकायचं कुणी सांगितलं तुला?" १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं आणि मग वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ५६. गदिमांनी ते आठवड्याला एक लिहिलं, बाबूजींनी (सुधीर फडके) आठवड्याला एक बांधलं, आणि लोकांनी आठवडाभर वाट बघून ऐकलं. रेडिओवर तर वेगवेगळे गायक होते, रेकॉर्डवर सगळी पात्रं बाबूजींच्याच आवाजात आहेत, म्हणून सलग ऐकताना विसावाही मिळत नाही.

यंदाच्या रामनवमीपासून आम्ही तसंच ऐकतो. रविवारी सकाळी एक गीत, मग आर्म उचलायचा, रेकॉर्ड कव्हरात. गेल्या रविवारी बारावं झालं, सीतेचं स्वयंवर. पुढचं कुठलं हे पाठ असूनही बुधवारपर्यंत ते मनात घोळत राहतं. सातव्या क्रमांकावरून ते मी काढलं आहे. त्याला क्रमांक द्यायचा तर वर्ष पुरं झाल्यावर देईन.

कुणी घ्यावा? घरात जुन्या रेकॉर्ड असतील आणि त्या ऐकणारं एखादं जुनं माणूस असेल तर वाट बघू नका. रेकॉर्ड नसतील आणि नव्या विकत घेऊन सुरुवात करायची असेल तर खर्च वाढत जातो हे धरून चाला. पिन साधारण पाचशे तासांनी बदलावी लागते, आणि पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. मी रेकॉर्ड उभ्या ठेवते आणि ऊन पडलं की रिकामी कव्हरं तासभर वारा खायला बाहेर काढते. घर साफ ठेवायचा कंटाळा असेल तर मात्र या वाटेला जाऊ नये.

आईची क्रमवारी माझ्याशी जुळत नाही. तिचा पहिला क्रमांक आठ महिन्यांत हललेला नाही: अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी, ७८ ची तबकडी, तिच्या वडिलांनी मिरजेत घेतलेली. खाँसाहेबांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, तिथल्या उत्सवातलं रात्रभराचं गाणं ऐकायला आजोबा तिला लहानपणी घेऊन जायचे. या तबकडीला कडेपासून आत केसाएवढी चीर गेली आहे. प्रत्येक फेरीला पिन त्यावरून जाताना टक्‌ होतं, मिनिटाला ७८ वेळा. चिरेची पिनवर खूण राहू नये म्हणून मी ती लावायला नको म्हणत होते. आता महिन्यातून एकदा, जुनी झालेली पिन चढवून लावते. आई डोळे मिटून बसते. परवा मी विचारलं की ते टक्‌टक्‌ खुपत नाही का. ती म्हणाली, "कुठलं टक्‌टक्‌?"

चीर नसलेली तीच तबकडी कुणाकडे विकायची असेल तर मला हवी आहे.