पै-पैशाचा मेळ बसत होता, आणि तरी तेरा लाख गेले

मार्च २०२३. बर, म्हणजे मशीनिंगनंतर लोखंडाला राहणाऱ्या धारदार कडा, काढायचं काम घरी नेऊन करणाऱ्या एक मावशी आमच्या शेडवर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "वहिनी, माझं काही चुकलं का? तीन दिवाळ्या गेल्या, एक पोतं काम आलं नाही."

मला वाईट वाटलं. शेवटचं काम कधी दिलं होतं ते बघावं म्हणून मी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यांचं खातं उघडलं. शेवटचं पेमेंट आठ दिवसांपूर्वीचं होतं. ९,२०० रुपये, चेकने. त्या आर्थिक वर्षाची बेरीज ८८,४०० रुपये.

मावशी समोर स्टुलावर बसून चहा पीत होत्या. मी दोनदा नाव वाचलं. एका नावाच्या दोन बायका असतील म्हणून यादी वर-खाली केली. दुसरी कोणी नव्हती.

आमचं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीनिंगचं छोटं युनिट आहे. फौंड्रीकडून चलनावर, म्हणजे माल दिल्या-घेतल्याच्या पावतीवर, कास्टिंग (ओतीव भाग) येतात, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून परत पाठवतो, आणि बर काढायचं काम आसपासच्या गावांतल्या बायकांना नगावर देतो. मशीन मिस्टर बघतात, ऑफिस माझ्याकडे. फर्म माझ्या नावावर, सही माझी एकटीची. हिशेबाला एक मुलगा होता. मुलगा म्हणते, पण लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. २०१८ पासून आमच्याकडे. चेक तोच लिहायचा, टॅलीत नोंद तोच करायचा, महिनाअखेरीला बँकेच्या स्टेटमेंटशी मेळही तोच घालायचा. आज हे वाक्य लिहिताना मला स्वतःचा राग येतो, पण त्या वेळी हे सगळं एकाच माणसाकडे असणं मला सोयीचं वाटत होतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या शेडमध्ये आजही असंच चालतं, म्हणून हे इतक्या तपशिलात लिहितेय.

कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची सवय आम्हाला महापुराने लावली. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीचा रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. आम्ही कोल्हापुरात अडकलेलो, शेड आणि कामगार पलीकडे. घरात पाणी शिरलेल्या माणसांना उचल हवी होती आणि चेकबुक होतं ऑफिसच्या कपाटात, सही करणारी मी नदीच्या अलीकडे. पाणी ओसरल्यावर हा हिशेबाचा मुलगाच म्हणाला, "वहिनी, चार-पाच चेक सही करून ठेवत जा, अडचणीला असावेत." मला पटलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा रस्ता बंद झाला तेव्हा ते चेक खरोखर उपयोगी पडले, आणि मी आणखी निर्धास्त झाले. पुढे दर शनिवारी पगाराच्या चेकबरोबर दोन-तीन कोरेही सही व्हायचे. किती संपले हे मी कधी मोजलं नाही.

आता तो काय करत होता ते नीट सांगते.

कोऱ्या चेकवर तो 'सेल्फ' लिहायचा. चेकवर रेघा मारलेल्या नसायच्या, 'किंवा वाहकास' हे शब्द खोडलेले नसायचे. म्हणजे तो बेअरर चेक. काउंटरवर जो नेऊन देईल त्याला रोख मिळते. चेकबुकाच्या सुरुवातीला नोंदीचं पान असतं, तिथे मात्र तो मावशींचं नाव लिहायचा. टॅलीत पेमेंट व्हाउचर, नावे मावशींचं खातं, जमा बँक. त्याआधी जर्नलने, म्हणजे पैसे न हलता फक्त वहीत केलेल्या नोंदीने, त्यांच्या नावावर तेवढीच मजुरी टाकलेली असायची, त्यामुळे खातं शून्यावर यायचं. चेकवर एक नाव, वहीत दुसरं.

सेल्फ चेकची खरी नोंद काँट्राची असते. बँकेतून पैसे निघाले, ते रोकड खात्यात आले. काँट्रा केली की ती रोकड कुठेतरी दिसली पाहिजे. गल्ल्यात असली पाहिजे, नाहीतर कुणाला दिल्याची सहीची पावती पाहिजे. त्याने काँट्रा केलीच नाही. बँकेतून थेट मजुरीच्या खात्यावर नोंद गेली, म्हणून रोकड आमच्या वहीत कधी उतरलीच नाही. जी रक्कम वहीत आलीच नाही ती कमी पडल्याचं कळणार कसं? मी दर शनिवारी गल्ला मोजत होते आणि गल्ला बरोबर होता.

बँकेचा मेळही बरोबर होता. हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मेळ घालताना चेक नंबर, तारीख आणि रक्कम जुळवतात. वहीतलं नाव आणि चेकवरचं नाव एकच आहे का, हे त्यात कोणी बघत नाही. आमच्या स्टेटमेंटमध्ये रोख काढल्याची ओळ होती, तिच्यासमोर नंबर आणि रक्कम. टॅलीत त्याच नंबराला तीच रक्कम. दोन्ही बाजू पै-पैशाने जुळायच्या. मला एसएमएसही येत होते, पण त्यात फक्त रक्कम असायची. मी समजायचे, कुणाची तरी उचल असेल.

रकमा त्याने फार विचार करून ठरवल्या होत्या. एकही चेक दहा हजारांच्या वर नाही. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४०अ(३) प्रमाणे एका दिवशी एका माणसाला दहा हजारांहून जास्त रक्कम रोख किंवा बेअरर चेकने दिली तर तो खर्च धरत नसत, त्यामुळे सीए तेवढ्याच नोंदी काढून बघायचे. सहा बायकांची नावं वापरली आणि कुणाचीही वर्षाची बेरीज लाखावर जाऊ दिली नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम १९४क प्रमाणे एका वेळी तीस हजार किंवा वर्षात एक लाख ओलांडले की टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापावा लागायचा, पॅन लागायचा. या बायकांची जीएसटी नोंदणी नाही. म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या २बी या खरेदीच्या यादीत त्यांचं काही येणार नाही आणि जुळवायला काही उरणार नाही. ५० हजारांपासून पुढच्या चेकना २०२१ पासून बँकांनी पॉझिटिव्ह पे आणलं आहे, मोठा चेक दिला की तपशील आधी बँकेला कळवायचा. नऊ हजारांच्या चेकला त्याचा काय उपयोग? कायद्याची प्रत्येक चाळणी कितीवर लागते हे त्याला ठाऊक होतं, कारण ते ठाऊक असावं म्हणूनच आम्ही त्याला ठेवलं होतं.

एकदा पकडायची संधी आली होती. २०२२ मध्ये रिटर्नच्या वेळी सीए म्हणाले, "मॅडम, बाहेरची मजुरी एवढी कशी वाढली?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सर, लॉकडाऊननंतर बायका रेट वाढवून मागायला लागल्या." सीएंनी माझ्याकडे बघितलं. रेट थोडे वाढले होते हे खरं होतं, म्हणून मी मान डोलावली. तेव्हा चलन बुक मागवलं असतं तर पाच मिनिटांत उघडं पडलं असतं. कास्टिंग बाहेर गेलं की चलन फाडावंच लागतं, आणि मावशींच्या नावाचं शेवटचं चलन २०२० च्या दिवाळीआधीचं होतं. काम गेल्याचा कागद नाही आणि मजुरी दिल्याची नोंद आहे. हे दोन कागद शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही.

आमच्याकडून त्याला आयती आडोशाची जागा मिळाली होती, तेही सांगायला हवं. मुलीच्या कॉलेजची फी फर्मच्या चेकने भरली, नोंद 'किरकोळ खर्चात'. मिस्टरांचा विम्याचा हप्ता 'ऑफिस खर्चात'. हे दोन्ही माझ्या उचलीच्या, म्हणजे ड्रॉइंग्जच्या खात्यात जायला हवे होते. सीएनसी मशीनच्या कर्जाचा अख्खा हप्ता खर्चात टाकला होता. खरं तर त्यातलं फक्त व्याज खर्च असतं, मुद्दल कर्जखात्यातून वजा होतं. टूलवाल्याचं बिल खरेदीत घेतलेलं, आणि त्याला चेक दिला तेव्हा तो पार्टीच्या खात्यावर न टाकता पुन्हा खरेदीवर. एकच खर्च दोनदा, आणि पार्टीचं देणं तसंच उभं. असल्या चुका दिसायच्या तेव्हा मी म्हणायचे, "बसव कुठंतरी." कुठलाही चेक कुठल्याही खात्यात बसवला तरी चालतो, हे त्याला मीच शिकवलं. आमचा मजुरीचा आकडा आणि नफ्याचा आकडा इतका गढूळ झाला होता की महिन्याला पंचेचाळीस हजार कमी होताना कळलं नाही.

मावशी गेल्यावर मी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला की या या नंबरांच्या वटलेल्या चेकच्या प्रती द्या. आधी दहाच मागितल्या. प्रती आल्या. दहाही सेल्फ, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची सही. मग सगळे मागितले. ऑक्टोबर २०२० ते फेब्रुवारी २०२३ आणि मार्चमधला तो एक, मिळून १४७ चेक. १३,२६,७०० रुपये.

त्याला समोर बसवलं तेव्हा तो रडला. आई आजारी, घराचं कर्ज, सगळं सांगितलं. त्यातलं काही खरं असेल. नातेवाइकांसमोर स्टॅम्पपेपरवर कबुली दिली, तीन लाख बँकेतून भरले आणि पुढच्या दोन लाखांचा चेक दिला. तो चेक न वटता परत आला. मग चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ ची वाट धरली. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. या तारखा चुकल्या तर हातचं जातं, म्हणून अशी वेळ आलीच तर वकिलाकडे मेमो आल्या दिवशीच जा. पोलिसांत फिर्याद वेगळी दिली. तेव्हाचा कायदा भारतीय दंड विधान, कलम ४०८ म्हणजे नोकराने केलेला विश्वासघात, ४२०, आणि ४७७अ म्हणजे हिशेबाच्या वह्या खोट्या करणं. नातेवाईक म्हणत होते, फिर्याद नको, पोराचं आयुष्य जाईल. मी दोन महिने थांबले. थांबायला नको होतं.

आयकराचं प्रकरण आणखी जिव्हारी लागलं. खोटी मजुरी खर्चात गेलेली, म्हणजे आधीच्या दोन वर्षांचा नफा आम्ही कमी दाखवला होता. ती चूक अपडेटेड, म्हणजे सुधारित, रिटर्न भरून दुरुस्त केली, कर, व्याज आणि वर अतिरिक्त कर. चोरीला गेलेल्या पैशावर कर भरायचा म्हटल्यावर मिस्टर जेवले नाहीत त्या रात्री. नोकराने केलेल्या अपहाराचा तोटा, उघडकीस आला त्या वर्षी धंद्याचा तोटा म्हणून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ चा निकाल आहे आणि प्रत्यक्ष कर मंडळाचं १९६५ चं परिपत्रक. सीएंनी त्या आधारे मांडलं. त्यासाठी फिर्यादीची प्रत आणि चेकच्या प्रती जपून ठेवाव्या लागल्या.

आता चेकचं काम असं चालतं. कोरी सही नाही, पूर आला तरी नाही. उचल द्यायची वेळ आली तर मी मोबाइलवरून पाठवते. मजुरीचा प्रत्येक चेक नावाचा, 'अकाउंट पेयी' लिहून रेघा मारलेला, म्हणजे पैसे फक्त तिच्या खात्यात जातील असा. ज्या बायकांची खाती नव्हती त्यांची काढून दिली. सेल्फ चेक आठवड्याला एकच, पगाराचा, आणि त्याची नोंद काँट्राच. मग रोकडीतून पगार, सहीच्या पत्रकावर. चेक द्यायच्या आधी मी मोबाइलवर फोटो काढते आणि रविवारी टॅलीतली खात्यांची नावं त्या फोटोंशी लावून बघते. मेळ नवीन मुलगी घालते, पण स्टेटमेंट मी स्वतः बँकेच्या साइटवरून काढून देते. मजुरीच्या व्हाउचरवर चलन नंबर नसेल तर चेक निघत नाही. वर्षातून दोनदा प्रत्येक बाईला तिच्या खात्याचा उतारा वाचून दाखवते आणि सही घेते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मुलांना बोलावते. हे शेवटचं काम मी कुणावर सोपवत नाही, कारण आमची चोरी बँकेने, सीएने की टॅलीने पकडली नाही, ती ज्यांच्या नावावर झाली त्यांनीच नकळत सांगितली.

मावशींना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "वहिनी, माझ्या नावावर पैसं निघाल्यात, तर माझं रेशनकार्ड जाईल का?" हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्या वर्षी आमच्या वहीप्रमाणे ही बाई आमच्याकडून ८८,४०० रुपये कमावत होती, आणि प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जात होती. मी लेटरहेडवर लिहून दिलं की अमुक ते अमुक काळात यांना कोणतंही काम दिलं नाही, कोणतीही रक्कम दिली नाही, त्यांच्या नावावरच्या नोंदी खोट्या आहेत आणि फिर्याद दाखल आहे. सही, शिक्का. बाकी पाचजणींनाही तेच पत्र दिलं. मावशींनी ते त्यांच्या नातवाकडून दोनदा वाचून घेतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवलं. पुढच्या सोमवारपासून त्यांच्याकडे दोन पोती काम जायला लागलं.